मदत हवी आहे : मिरिसाची देवमासे-फेरी आणि आईची मळमळ

येत्या फेब्रुवारीत आम्ही उभयता माझ्या ७१ वर्षांच्या आईसह श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मिरिसा येथे जात आहोत. तेथे समुद्रतळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होत असल्याने, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात निळे देवमासे दिसण्याची चांगली शक्यता असते, एवढी माहिती मी मिळवली आहे.

अडचण आईची आहे. गेल्या वर्षी दापोलीजवळच्या मुरूडला डॉल्फिन पाहायला गेलो असता पाऊण तासातच तिला इतके मळमळू लागले की, दोन डॉल्फिन होडीच्या पुढून उसळत गेले तेव्हा ती काठाला कपाळ टेकवून आल्याचा तुकडा चघळत होती. (तिला मात्र डॉल्फिन न दिसल्याचेच दुःख अधिक.) मिरिसाची फेरी तर भल्या सकाळी निघून कित्येक तास चालते.

तरी ज्येष्ठांना घेऊन तेथे गेलेल्यांनी कृपया सांगावे, की दुमजली बोटीत खाली मध्यभागी बसल्याने खरोखर फरक पडतो का, निघण्यापूर्वी तिला काय खायला द्यावे आणि देवमाशांच्या अंगावर बोट न घालता अंतर राखणारा नावाडी कसा ओळखावा? गोळीबद्दल डॉक्टरांना विचारणारच आहे.