आंद्रेआ हे नाव मुलाचेच राहावे का?

मीनल (बोलोन्या)
माझ्या मुलाच्या वर्गात तीन आंद्रेआ आहेत. तिघेही मुलगे असल्यामुळे बाई त्यांना आडनावाच्या पहिल्या अक्षरासह हाक मारतात. यंदा त्यांत स्पेनहून आलेल्या एका मुलीची भर पडली, तिचेही नाव आंद्रेआ. पालकांच्या बैठकीत यावरून बराच वाद झाला आणि माझे मत स्पष्ट आहे: इटलीत तरी हे नाव मुलांचेच राहावे. त्याचा उगम ग्रीक आंद्रेआस या नावात आहे. ग्रीकमध्ये ‘अनीर’ म्हणजे पुरुष आणि त्याचे षष्ठीचे रूप ‘आंद्रोस’. आपला संस्कृत ‘नर’ही याच मूळ धातूच्या कुळातला आहे. ज्या नावाचा अर्थच पुरुष असा आहे, ज्या नावाने वास्तुकार पाल्लादिओ, चित्रकार मान्तेन्या आणि जेनोवाचा दर्यासारंग दोरिया ओळखले गेले, ते केवळ शेवटी ‘आ’ येतो म्हणून मुलीला द्यायचे, हे मला पटत नाही. २००० सालच्या नागरी नोंदणीच्या नियमांतील ३५ वे कलमही नाव बाळाच्या लिंगाशी जुळणारे असावे असेच सांगते.

अनिरुद्ध
कलम बरोबर सांगितलेत, परंतु त्यापुढची गोष्ट राहिली. २०१२ साली इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, म्हणजे कोर्ते दी कास्सात्सिओनेने, मुलीचे नाव आंद्रेआ ठेवण्यास हरकत नाही असा निर्णय दिला. हे नाव मुलीला दिल्याने ती हास्यास्पद ठरत नाही आणि अनेक देशांत ते स्त्रियांचेच आहे, हा त्यामागचा विचार होता. जर्मनीत किंवा स्पेनमध्ये आंद्रेआ म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांसमोर स्त्रीच उभी राहते.

मीनल (बोलोन्या)
न्यायालयाने परवानगी दिली आहे, हे मला मान्य आहे. परंतु परवानगी असणे आणि ते योग्य असणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. शिवाय मुलींसाठी आंद्रेइना हे रूप इटालियनमध्ये पूर्वापार आहेच.

सुजाता
आंद्रेइनामधला ‘इना’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. मुलाला पूर्ण नाव आणि मुलीला त्याचे छोटेसे, लाडके रूप, ही वाटणी मला खटकते. ‘आ’विषयीही थोडे सांगते, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. आंद्रेआ, लूका, मात्तिआ, एलिया या नावांतला ‘आ’ इटालियन स्त्रीलिंगी प्रत्यय नाही; आंद्रेआस, लूकास, मात्थिआस, एलिआस या ग्रीक रूपांतला शेवटचा ‘स’ गळून तो उरला आहे. इटालियनमध्ये ‘पोएता’ म्हणजे कवी हा शब्दही आकारान्त असूनच पुल्लिंगी आहे. म्हणजे केवळ कानाला स्त्रीलिंगी वाटते म्हणून ते मुलीचे म्हणणे चूक, हे मीनलताईंचे म्हणणे व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे. परंतु अर्थाचा मुद्दा मात्र त्यांच्याच विरुद्ध जातो. त्याच ‘आंद्रोस’पासून आलेला ग्रीक शब्द ‘आंद्रेइआ’ म्हणजे शौर्य, आणि तो स्त्रीलिंगी आहे! शौर्य मुलीच्या वाट्याला येऊ नये, असे आपल्यापैकी कोण म्हणेल? आपल्याकडे कृष्णा म्हटले की नदी, द्रौपदी आणि शेजारचा मुलगा असे तिघेही आठवतात, आणि त्यामुळे कोणाचेही अडत नाही.

फ्रान्सिस (वसई)
आमच्या ख्रिस्ती समाजात संत अँड्र्यूचे नाव फार जुने आहे. तो मुळात कोळी होता, म्हणून मासेमारी करणाऱ्यांना तो आपला वाटतो. वांद्र्याचे सेंट अँड्र्यूज चर्चही पोर्तुगीज काळातले. आमच्याकडे मुलगा अँड्र्यू किंवा आंद्रे आणि मुलगी आंद्रेआ, असा सरळ व्यवहार आहे. त्यामुळे हा प्रश्न इटलीबाहेर फारसा उद्भवतच नाही.

मीनल (बोलोन्या)
फ्रान्सिसजी, प्रश्न इटलीतलाच आहे, आणि तिथे हे नाव आडबाजूचे नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रान्चेस्को आणि आलेस्सान्द्रो यांच्या बरोबरीने आंद्रेआ मुलांच्या सर्वाधिक ठेवल्या जाणाऱ्या नावांत होते. २०१८ पासून लेओनार्दो पुढे गेला असला, तरी आज विशीत असलेल्या मुलांच्या कोणत्याही घोळक्यात एखादा आंद्रेआ सापडतोच. ३० नोव्हेंबरला संताच्या सणादिवशी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आपल्या आंद्रेआ नावाच्या नातवासाठी छोट्या पेस्ट्र्यांचा खोका दोरीने बांधून घेऊन येतात. वाढदिवसाइतकाच तो दिवस त्या जपतात. आजीचे वडीलही आंद्रेआच होते. घराण्यात आजोबांकडून नातवाकडे जाणारे नाव म्हणून मला त्याची काळजी वाटते. सुजाताताई, ‘इना’विषयीचा तुमचा आक्षेप मात्र मी मान्य करते, आंद्रेइनाचा आग्रह मी मागे घेते.

सुजाता
मग आजींच्या घरात पुढची नात जन्मली आणि पणजोबांचे नाव तिला द्यावेसे वाटले, तर?

मीनल (बोलोन्या)
हा प्रश्न मी उद्या आजींनाच विचारते आणि त्या काय म्हणतात ते इथे लिहिते.