कुड्याच्या सालीचा माल चाचणीत का नापास होतो?

प्रश्न (कुडाळ):
आमचा महिला बचत गट कुडा या औषधी झाडाची साल गोळा करून, वाळवून एका औषध कारखान्याला पुरवतो. यंदा एक लॉट परत आला. आम्लात न विरघळणारी राख जास्त, अल्कोहोलमध्ये विरघळणारा अर्क कमी आणि बुरशी मर्यादेबाहेर, असे तीन शेरे अहवालात आहेत. या चाचण्या नेमके काय दाखवतात आणि पुढचा माल पाठवण्याआधी आम्हाला इथेच काय तपासता येईल?

उत्तर (रत्नागिरी, निवृत्त प्राध्यापक):
ताई, अर्काचा शेरा सर्वांत गंभीर आहे, म्हणून तो आधी घेतो. औषधात पांढऱ्या कुड्याची साल लागते. पण आपल्या डोंगरउतारांवर काळा कुडाही वाढतो, दोघांची फुले पांढरी असतात, आणि पानगळीनंतर साल काढताना नकळत सरमिसळ होते आणि अर्क कमी भरतो. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा जोडीने आल्या तरी सुट्या असतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात. पांढऱ्याची साल अतिशय कडू लागते, काळ्याचा कडूपणा फारच कमी असतो. म्हणून शेंगा असतानाच झाडांना खूण करून ठेवावी. प्रयोगशाळेत हाच फरक कोनेसिन या अल्कलॉइडच्या (सालीतल्या औषधी द्रव्याच्या) पट्ट्यावरून, म्हणजे एचपीटीएलसी (अर्कातली द्रव्ये पातळ थरावर वेगळी करून दाखवणाऱ्या) चाचणीने पाहतात. जुनी किंवा पावसात भिजलेली साल असली तरीही अर्क कमी भरतो, हेही तपासून पाहावे.

राखेचे कारण सोपे आहे. साल जाळून उरलेली राख विरल हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली की वनस्पतीतले बहुतेक क्षार विरघळतात आणि मागे मुख्यतः वाळू-माती उरते. माल थेट जमिनीवर वाळवला गेला असणार.

उत्तर (चिपळूण, वैद्य):
प्राध्यापकांशी मी सहमत आहे. बुरशीबद्दल एवढेच की आपल्याकडच्या दमट हवेत अर्धवट वाळलेली साल प्लास्टिकच्या पिशवीत बंद केली, तर वरून कोरडी दिसली तरी आतून ती बुरसते. आणि बुरशीबरोबर अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा धोका येतो, ज्याची मर्यादा फारच कमी आहे. साल जमिनीपासून उंच तट्ट्यांवर पातळ पसरावी, वाकवताच कट्‌कन मोडेपर्यंत वाळवावी आणि पावसाळ्याआधी रवाना करावी. मुंबई-गोवा महामार्गालगतची झाडे तर वगळाच, कारण शिशासाठी १० पीपीएमची (दहा लाख भागांत १० भागांची) मर्यादा आहे आणि रस्त्याची धूळ सालीवरच बसते. खोडाभोवती पूर्ण कडे काढून साल सोलू नये. झाड मरते, आणि पुढच्या वर्षी माणसे ओळख नसलेल्या झाडांकडे वळतात.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. नमुना कसा काढावा?

उत्तर (रत्नागिरी):
अनेक पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी साल घेऊन एकत्र करावी. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) अन्वये मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे ती पाठवावी आणि तेवढाच नमुना तारीख व जागेच्या नोंदीसह गटाकडे ठेवावा.