मुलींची कॉलेज हॉकी चॅम्पियनशिप: मैदानातले तुमचे अनुभव लिहा

काल आमच्या कॉलेजच्या मुली सेमीफायनल जिंकल्या आणि मला रात्रभर झोपच नाही, सगळं जुनं आठवत बसले. ज्या कॉलेजकडून खेळल्यात, किंवा ज्यांच्या लेकी-बहिणी खेळतात, त्यांनी लिहा ना. स्कोअर नको, आत काय चाललेलं ते लिहा. सुरुवात मीच करते.

मी गोलकीपर होते. आमच्या वेळची सेमीफायनल १-१, मग शूटआउट. समोरची २३ मीटरच्या रेषेवरून बॉल घेऊन निघते आणि तिच्याकडे ८ सेकंद असतात. पहिल्या दोघींवर मी धावत सुटले, दोघींनी मला आडवं पाडून बाजूने बॉल आत सरकवला. तिसरीला मनाशी ठरवलं की घाई तिने करायची, आपण पायावर उभं राहायचं. ती उजवीकडे गेली, परत फिरली, मी तिच्याबरोबर सरकत राहिले आणि तिने रिव्हर्सने (स्टिक उलटी फिरवून) मारला तेव्हा हूटर वाजून गेलेला. बॉल जाळीत, पण गोल नाही!! शेवटी आम्ही हरलो, तरी तो हूटर मला अजून ऐकू येतो.

*

मी पेनल्टी कॉर्नरला (आपल्या गोलजवळ फाउल झाला की समोरच्यांना मिळते ती गोलची संधी) फर्स्ट रशर, म्हणजे सगळ्यात आधी धावणारी, होते. गोललाइनमागे कीपर धरून आपण फक्त पाचजणी, बाकीच्या सेंटर लाइनपलीकडे. मास्क लावायचा आणि बॉल सुटला की सरळ मारणारीच्या अंगावर धावायचं. जवळून पहिला शॉट गुडघ्याच्या खाली लागला की परत कॉर्नर त्यांनाच, गुडघ्यावर किंवा वर लागला तर फ्री हिट आपल्याला. फायनलच्या शेवटच्या मिनिटात लागोपाठ तीनदा नडगीवरच बसला, म्हणजे तीनदा परत कॉर्नर, आणि चौथ्याला माझ्या स्टिकला लागून बाहेर गेला. नडगी आठवडाभर काळीनिळी होती पण कप आमचा.

*

मला ग्रीन कार्ड मिळालेलं, २ मिनिटं बाहेर. खुर्चीवर बसून दहाजणींना माझ्या वाटचं पळताना बघणं फार वाईट. तेवढ्यात गोल झाला नाही, देवाची कृपा.

*

मी खेळले नाही, लेक खेळते. आम्ही दोघींनी २०२३ ची अमेरिकेतली एनसीएए (तिकडची कॉलेज खेळांची संघटना) फायनल बघितली, नॉर्थ कॅरोलायना विरुद्ध नॉर्थवेस्टर्न. तीही १-१. तिकडे ओव्हरटाइमला सातच जणी खेळतात, त्यामुळे एवढं मोठं मैदान नुसतं उघडं पडतं आणि श्वास घ्यायला जागा नाही. शूटआउटमध्ये नॉर्थ कॅरोलायना जिंकली. त्यांची कोच एरिन मॅटसन तेव्हा २३ वर्षांची, आदल्या वर्षी त्याच टीमकडून खेळून जिंकलेली! लेक टक लावून तिच्याकडेच बघत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तर ही बूट घालून दारात उभी.