‘आपण काहून नाही करत?’ : गावातल्या ख्रिस्ती आईबाबांचे अनुभव

धागा सुरू करताना (वर्धा जिल्हा, शेतकरी बाप)

आमच्या गावात ख्रिस्ती घरं तीनच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मिळतात. माझा मुलगा तिसरीत असताना बैल मागत होता. मी एवढंच म्हटलं, ‘आपण नाही करत.’ त्यानं विचारलं, ‘काहून?’ माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तो दिवसभर कोठ्यात, गव्हाणीजवळ बसून राहिला.

पुढच्या वर्षी आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून बैलांचे खांदे तूप-हळदीनं चोळले. पोळ्याला त्यांना धुतलं, पुरणपोळी चारली. पूजा केली नाही. मुलानं बैलाच्या पाठीवर हात ठेवून देवाचे आभार मानले, नांगरटीपासून वखरणीपर्यंत बैलांच्या सगळ्या कामांची नावं त्यानं स्वतःहून घेतली. लाकडी बैल मात्र अजून घेतला नाही. माझ्या आईला ते पटत नाही आणि मला तिला दुखवायचं नाही. मूल ‘काहून?’ म्हणतं तेव्हा तुम्ही काय करता? लिहा.

एक आई, दर्यापूरकडची

माझ्या मुलीनं शाळेत गणपतीचा प्रसाद जमिनीवर टाकला. ‘खायचा नाही’ हे मीच शिकवलेलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन गेले आणि दोघींनी माफी मागितली. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल पौलानं करिंथकरांना लिहिलं, त्यात दुसऱ्याच्या मनाला जपण्यावरही भर आहे. मी लेकीला अर्धंच सांगितलं होतं. आता ती हात जोडून ‘नको बाई’ म्हणते. बाई तिच्यासाठी केळं बाजूला ठेवतात.

यवतमाळ जिल्हा, एक बाप

माझा प्रश्न सणाचा नाही, कागदाचा, म्हणजे जातीच्या दाखल्याचा आहे. मुलीला नर्सिंगला जायचं आहे. आमचा आजा महार समाजातून ख्रिस्ती झाला. 1950 च्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात आम्हाला ओबीसीत धरतात. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. माझ्या बापाच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नुसतं ‘ख्रिश्चन’ लिहिलेलं, जात नाही. शेवटी कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकलेत आज्याच्या मोठ्या भावाची नोंद सापडली. तहसीलच्या चकरा मोजल्या नाहीत. मजुरी बुडाली ती वेगळी.

माझ्या चुलतभावाचं घर बौद्ध. त्याची मुलगी आणि माझी एकाच सायकलवर कॉलेजात जातात. तिला अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती मिळते. एका रात्री माझ्या मुलीनं विचारलं, ‘बाबा, पणजोबानं बाप्तिस्मा घेतला नसता तर?’

मी काहीच बोललो नाही. रविवारी तिला माझ्या आत्याकडे नेलं. आत्यानं सांगितलं की तिचा बाप मिशनच्या बोर्डिंगात अक्षर शिकला. घरी येऊन चुलीच्या राखेत बोटानं नाव काढून दाखवायचा. बाप्तिस्मा घेतला तेव्हा काही मिळेल म्हणून नाही घेतला. मुलगी ऐकत राहिली. येताना एवढंच म्हणाली, ‘तरी हे बरोबर नाही.’ मी म्हटलं, ‘नाहीच बरोबर.’ विश्वास टिकवायला अन्यायाला चांगलं म्हणावं लागत नाही, हे मी तिच्याकडून शिकलो.

वेचणीला जाणारी आई

दिवाळीपासून कापूस वेचणी. किलोवर पैसे, म्हणून रविवारही सुटत नाही. आमच्या पाळकांकडे चार गावं, उपासना महिन्यातून दोनदाच. रात्री प्रार्थनेला बसलं की लेकरं पेंगायची, मी रागवायची. आता पहाटे भाकरी थापताना एक वचन म्हणते, ते मागून म्हणतात. तेवढंच जमतं.

अकोला जिल्हा, आई

माझा मुलगा सतरा वर्षांचा. गावात त्याच्या वयाचं ख्रिस्ती पोरगं दुसरं नाही. दोन वर्षांपासून उपासनेला येत नाही. त्याच्या बाबांनी एकदा हात उचलला, तेव्हापासून घरातही फारसा बोलत नाही. लेकरांना चिरडीस आणू नका, असं शास्त्रच बापांना सांगतं. मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं, तो उठून बाहेर गेला. नंतर मुलाजवळ बसला, पण बोलला काही नाही.

हरभऱ्याला पाणी द्यायला आमच्याकडे लाईन रात्री येते. परवा अकराला मुलगा टॉर्च घेऊन निघाला. दारात थांबला आणि म्हणाला, ‘आई, धुऱ्यावर साप असतात. तू प्रार्थना करून दे.’ मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्यानं ठेवू दिला.