बटाट्याच्या स्कॉटिश मॅकरूनसाठी मदत हवी आहे

मी ग्लासगोत राहते. ईस्टरला शेजारच्या आजींसाठी स्कॉटिश मॅकरून करायचंय, पण वडीऐवजी अंड्याच्या आकारात. लहानपणी ईस्टरला टेकडीवरून रंगवलेली अंडी घरंगळत सोडायचो, हे सांगताना त्यांचे डोळे भरून येतात.

हे फ्रेंच मॅकरून नव्हे. उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यात भरपूर आयसिंग शुगर, वरून चॉकलेट आणि भाजलेलं खोबरं. बटाट्याची चव लागतसुद्धा नाही!

अडचण अशी, की साखर घातली की लगदा पातळ होतो. १०० ग्रॅम बटाट्याला ४०० ग्रॅम साखर घातली तरी गोळा वळेना. बटाटा सालासकट उकडू की भाजून घेऊ? आणि चॉकलेटमध्ये बुडवण्याआधी फ्रीजरमध्ये किती वेळ ठेवू? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा.