एमजीबीचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून स्टीलच्या नळ्या बसवाव्यात का?

खंबाटकीकर

मंडळी, मी मूळचा वाईचा, गेली चौदा वर्षं कॉव्हेंट्रीत. तीन वर्षांपूर्वी बायकोचा विरोध पत्करून १९७१ची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार, घेतली. क्रोम बंपरवाली, ओव्हरड्राइव्हसकट. इंजिन मूळचंच, १७९८ सीसी, दोन एसयू कार्ब्युरेटर. गाडी गॅरेजात कमी आणि माझ्या डोक्यात जास्त असते, असं घरचं मत आहे.

तर झालं असं. गेल्या हिवाळ्यापासून थंड इंजिन सुरू केलं की टिक-टिक-टिक. पाचेक मिनिटांत इंजिन तापलं की आवाज गायब. मी टॅपेटचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांचा) आवाज समजून दोनदा क्लिअरन्स लावला, फरक शून्य. शेवटी शेजारच्या आजोबांनी (वय ८१, स्वतः आयुष्यभर टूलरूममध्ये) त्यांचा जुना व्हॅक्यूम क्लीनर आणला. त्याचा पाइप उलट्या बाजूला लावला की तो हवा ओढण्याऐवजी फेकतो. तो सायलेन्सरच्या शेपटीला चिंध्या कोंबून जोडला, चालू केला, आणि मॅनिफोल्डवर (इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा फाटा) भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने लावत गेलो. मधल्या नळीच्या मुळाशी, फ्लँजला (इंजिनाला टेकणाऱ्या सपाट कडेला) चिकटून, बारीक फुग्यांची ओळ उठली. दीड इंच लांब तडा. तापला की बीड फुगून तो मिटतो, म्हणून आवाज बंद.

आता मॅनिफोल्ड उतरवायचाच आहे, तर काही सुधारणा करावी का, हा प्रश्न. तीन पर्याय दिसतात. एक, जुना बिडाचाच कुठून तरी मिळवायचा. दोन, स्टेनलेसचा नळ्यांचा घ्यायचा, इथे सगळे ज्याला ‘लाँग सेंटर ब्रँच’ म्हणतात तो. तीन, बिडाचा घेऊन आतून घासून मोठा करायचा. विक्रेते नळ्यांच्या मॅनिफोल्डबद्दल असं बोलतात की गाडी जमिनीवर राहील की नाही अशी शंका यावी. मला शर्यत लावायची नाही. वर्षातून एकदा लेक डिस्ट्रिक्टला जातो, तिथल्या हार्डनॉट घाटात तीनास एक चढ आहे आणि पहिल्या गिअरमध्ये माझा जीव वर-खाली होतो. तिथे थोडा जोर मिळाला तर हवा आहे, एवढंच.

कुणी केलंय का? पैसे घालवण्याआधी सांगा, नंतर सगळेच सांगतात.

निवांत_वाचक

मला गाडीतलं काही कळत नाही, पण व्हॅक्यूम क्लीनरचा प्रयोग आवडला. धागा वाचत राहणार.

बिडाचा_बाळू

खंबाटकीकर, तुमच्या गाडीला मी कधी हात लावलेला नाही, पण तिच्या हेडला (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) लहानपणापासून ओळखतो. आमच्या वडिलांचं सांगलीत गॅरेज होतं आणि निम्मं गिऱ्हाईक म्हणजे अँबॅसिडर टॅक्सी. अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि तुमचं १७९८चं हे एकाच घरातले भाऊ, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजचे. तेच १४८९ दोन कार्ब्युरेटर लावून एमजीएमध्ये घातलं की स्पोर्ट्‌स कार, आणि एक लावून आमच्याकडे घातलं की सांगली-मिरज सहा सीट. असो.

आधी हेड कसं आहे ते बघा, मग मॅनिफोल्डचं ठरेल. चार सिलिंडर, पण एक्झॉस्टची भोकं तीनच. कडेच्या एक आणि चार नंबरला स्वतंत्र भोक, मधल्या दोन आणि तीन नंबरचं मिळून एक. ते हेडच्या आतच जोडलेलं आहे, तुम्ही बाहेर सोन्याच्या नळ्या लावल्या तरी ते वेगळं होणार नाही. पण इंग्रजांचं नशीब असं की फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे. म्हणजे दोन आणि तीनचा धूर एकाच वेळी कधी येत नाही, त्यांच्यात क्रँकचा पूर्ण एक फेरा असतो. एक आणि चारचंही तसंच. म्हणून मधली नळी एकटी लांब खाली न्यायची आणि कडेच्या दोन एकत्र करायच्या, की धूर एकमेकांच्या वाटेत येत नाही. लाँग सेंटर ब्रँच म्हणजे एवढंच.

आता गॅरेजात जाऊन तुमच्या बिडाच्या मॅनिफोल्डखाली टॉर्च मारा. खाली तोंडं किती? दोन. एका तोंडातून मधल्याचा धूर उतरतो, दुसऱ्यातून कडेच्या दोघांचा. पुढे जोडनळी, आणि दोन्ही एक होतात ते त्याच्याही खाली. म्हणजे विक्रेता जे तुम्हाला विकतोय ते कंपनीने १९६२ सालीच बिडात ओतून दिलंय! बाकी गाड्यांचे बिडाचे मॅनिफोल्ड म्हणजे नुसती गटारं असतात, तिथे नळ्या लावल्या की खरोखर फरक पडतो. तुमचा त्यातला नाही. कॅमशाफ्ट बदललेली, हेडवर काम केलेलं, वरच्या आरपीएमला पळवायचं इंजिन असेल तर नळ्यांचा फायदा आहे. साध्या ९५ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला तो शोधावा लागेल.

दुसरं म्हणजे नळ्या बसवताना जी गोम आहे ती विक्रेता सांगणार नाही. या हेडला इनलेट (हवा-पेट्रोल आत जायची वाट) आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, एकाच ओळीत, एकाआड एक. दोन्ही मॅनिफोल्ड त्याच त्या स्टडांवर. मधे जाड रुंद वायसर असतो, त्याची अर्धी बाजू इनलेटचा फ्लँज दाबते, अर्धी एक्झॉस्टचा. दोन्ही फ्लँज सारख्या जाडीचे असतील तरच दाब सारखा. नळ्यांच्या मॅनिफोल्डचा फ्लँज बऱ्याचदा पातळ असतो. मग वायसर तिरका बसतो, इनलेट घट्ट आणि एक्झॉस्ट सैल. तुम्ही नट आवळत बसता, आणि टिक-टिक आहे तिथेच. म्हणून व्हर्निअर लावून दोन्ही जाड्या मोजल्याशिवाय काही विकत घेऊ नका. फरक निघाला तर लेथवर पायरीचे वायसर कापून घ्यायचे. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने नळ्यांचा फ्लँज वाकडा झालेला असतो, त्यावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) जातंय का बघा.

तुमचा तिसरा पर्याय, घासणं. नळीचं भोक हेडच्या भोकापेक्षा किंचित मोठं असलं तर चालतं, उलट परत येणाऱ्या लाटेला तिथे ठेच लागते आणि ते बरंच. पण मॅनिफोल्डची कड धुराच्या वाटेत पुढे आलेली असली तर नुकसान. पॅकिंग हेडवर ठेवा, निळा रंग लावा, कड कुठे आत येते ते बघा आणि तेवढीच कानसा. आतून आरसा करण्यात वेळ घालवू नका, दोनशे मैलांत काजळी धरते.

जुना मॅनिफोल्ड वाचवायचा असेल तर तडा बुजवता येतो. वडील तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचे म्हणजे तो पुढे पळत नाही, मग अख्खा मॅनिफोल्ड कोळशाच्या भट्टीत तापवून निकेलच्या रॉडने वेल्डिंग, आणि लगेच राखेत पुरून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मी सहावीत असताना उत्सुकतेने रात्रीच उकरून काढला होता. टण्‌ असा आवाज आला आणि पाठीत धपाटा. नंतर फ्लँजला फेस मारून (मशिनवर सपाट करून) घ्यावा लागतो, कारण तो हललेला असतो.

एडिसनकर

बाळूदादांशी सहमत, फक्त अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक पुरवणी. माझी १९७७ची एमजीबी, डावीकडे स्टिअरिंग. आमच्याकडे १९७५ पासूनच्या गाड्यांना दोन एसयू नाहीत, एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग, आणि इनलेट-एक्झॉस्ट मिळून एकच बिडाचा ठोकळा. तो तडकतोच. तिथे एक्झॉस्ट बदलायचा तर इनलेट आणि कार्ब्युरेटरही बदलावा लागतो, म्हणजे रुमाल शिवायला गेलो आणि सूट शिवून आलो. मी नळ्या घेतल्या. पहिल्यांदा बसवल्या तेव्हा स्टिअरिंगचा दांडा आणि एक नळी यांच्यात बोट जाईना. उभ्या गाडीत ठीक, पण क्लच सोडताना इंजिन हलतं आणि दांड्याला घासतं. तुमचं स्टिअरिंग उजवीकडे आणि मॅनिफोल्ड डावीकडे, त्यामुळे ही भानगड तुम्हाला नाही. स्पीडब्रेकरची आहे, नळ्यांचा जोड बऱ्यापैकी खाली लोंबतो.

आणि नळ्यांना ती उष्णतारोधक पट्टी गुंडाळू नका. दिसते झकास, पण ओल धरते. माझ्या साध्या स्टीलच्या नळ्या दोन हिवाळ्यांत पापडासारख्या झाल्या. तुमच्याकडे तर रस्त्यावर मीठही टाकतात.

खंबाटकीकर

बाळूदादा, टॉर्च मारली. दोन तोंडं. आता माझं तोंड कुठे लपवू ते सांगा, तीन वर्षं ही गाडी पुसतोय.

एक शंका: मग घाटातल्या जोराचं काय? आणि उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी गुदमरते, ते मॅनिफोल्डमुळे का?

बिडाचा_बाळू

जोर हवा तर पैसे हेडवर घाला. व्हॉल्व्हच्या गळ्याशी थोडं काम आणि नीट कापलेल्या सीटा, या इंजिनात मिळतं ते तिथेच. हेड उतरवलंच तर एक्झॉस्टच्या सीटा कडक पोलादाच्या आहेत का बघा, तुमच्याकडे शिशाचं पेट्रोल २००० सालापासून बंद आहे. आणि ते सगळं करायच्या आधी इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासा, फुकटात होतं.

गुदमरण्याचं कारण बहुतेक उष्णता. कार्ब्युरेटर बरोबर मॅनिफोल्डच्या डोक्यावर बसलेत, त्यात २०२१ पासून तुमच्याकडचं साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते लवकर उकळतं. महागातलं ई-५ भरून बघा. मधला पत्र्याचा पडदा जागेवर हवाच. मात्र सावधान, जुन्या पडद्याच्या खालच्या बाजूला अ‍ॅस्बेस्टॉसचा थर असतो. तो खरवडू नका, ब्रश मारू नका, फुंकर तर अजिबात नको. ओला करून पिशवीत बंद करा आणि नवा आणा.

खंबाटकीकर

सहा आठवड्यांनी हजेरी लावतोय. झालं काम.

बिडाचा जुना मॅनिफोल्ड मिळाला, नळ्यांच्या किमतीच्या चौथ्या हिश्शात. उतरवताना एक स्टड तुटला, अपेक्षेप्रमाणे सर्वात मागचा, जिथे हात जात नाही. आजोबांनी त्याच्या बुडख्यावर नट ठेवून आतून वेल्डिंगने भरला, लाल असतानाच मला पाना लावायला सांगितलं, आणि तो लोण्यातून निघावा तसा फिरला. मी आदल्या दिवशी त्याच स्टडवर चार तास आणि अर्धी बाटली तेल घालवलं होतं.

जाड्या मोजल्या. जुना बिडाचा असूनही इनलेटपेक्षा फ्लँज जवळजवळ अर्धा मिलिमीटर पातळ, कुणीतरी आधी फेस मारलेला. आजोबांच्या लेथवर पायरीचे वायसर केले. निळा रंग लावल्यावर मधल्या भोकाची खालची कड आत आलेली दिसली, तेवढीच घासली, अर्ध्या तासाचं काम. नट मॅन्युअलप्रमाणे १५ फूट-पौंडांनी, मधून कडेकडे. खालच्या जोडनळीचे सहा नट मात्र नवे पितळीच आणले, पुढच्या वेळी उतरवणारा बहुधा मीच असेन.

पडदा नवा. टायमिंग चार अंशांनी मागे होतं! बाळूदादा, हार्डनॉट अजून व्हायचाय, पण आमच्या घराशेजारचा चढ तिसऱ्यात जातो, आधी दुसरा लागायचा. यात मॅनिफोल्डचा वाटा किती आणि टायमिंगचा किती ते विचारू नका, बायकोला मी सगळं श्रेय मॅनिफोल्डला दिलंय, पैसे त्याचे गेलेत.

टिक-टिक पूर्ण बंद. आता एवढी शांतता आहे की गिअर टाकून क्लच सोडला की मागच्या अ‍ॅक्सलमधून एक ‘ठक्‌’ येतो तो स्पष्ट ऐकू येतो. आधीपासून असणार. त्याचा वेगळा धागा काढतो.