शब्दचर्चा : वादळाचा ‘वेग’, वादळाची ‘लाट’ आणि वादळ ‘धडकणं’

प्रश्नकर्ती :

नमस्कार. मी परदेशी बातम्यांचं मराठी भाषांतर करते. जून ते नोव्हेंबर हा अटलांटिकमधल्या हरिकेनचा मोसम. त्या काळात मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरची पत्रकं दर सहा तासांनी येतात, आणि किनाऱ्यावर इशारे लागू झाले की दर तीन तासांनी. हातात वेळ असतो पंधरा-वीस मिनिटं. अशा घाईत सवयीचे शब्दच लिहिले जातात.

अशाच एका वादळाच्या वेळी माझ्या हातून वाक्य गेलं : ‘ताशी २४० किलोमीटर वेगाने हे वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याकडे झेपावत आहे.’ अर्ध्या तासात एका वाचकाचा निरोप आला. त्यांचा मुलगा तिकडे राहतो. त्यांनी विचारलं होतं, ‘वादळ ६०० किलोमीटरवर आहे असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे अडीच तासांत पोहोचणार. आता मुलाने घर सोडावं की नाही?’ खरं तर २४० हा वाऱ्याचा वेग होता. वादळ पुढे सरकत होतं ताशी सोळा किलोमीटरने, म्हणजे मुलाच्या हातात दीड दिवस होता. मी लगेच त्यांना कळवलं, बातमीही दुरुस्त केली. पण ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून इथे विचारते आहे. ‘वेग’चं काय करायचं? ‘लँडफॉल’ला आपण सर्रास ‘धडकणं’ म्हणतो, ते बरोबर आहे का? ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’ दोन्हींना ‘इशारा’च लिहायचं का? आणि ‘स्टॉर्म सर्ज’? त्याला मी आजवर ‘वादळी लाट’ लिहीत आले, पण आता खात्री वाटत नाही.

प्रतिसाद १ :

आधी नावाबद्दल थोडंसं. हरिकेनला ‘हरिकेन’च राहू द्या. कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द स्पॅनिशमधून सगळीकडे गेला, तसाच तो मराठीत आला तर काही बिघडत नाही. ‘चक्रीवादळ’ हा आपला उत्तम शब्द आहे, पण त्याची हद्द मोठी आहे. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीत वारा ३४ नॉटला, म्हणजे ताशी ६२ किलोमीटरला पोहोचला की चक्रीवादळ म्हणतात. हरिकेन सुरू होतं ६४ नॉटपासून, म्हणजे ताशी ११९ किलोमीटरपासून. म्हणून ‘चक्रीवादळाचं हरिकेन झालं’ हे वाक्य चुकीचं नाही, उलट नेमकं आहे.

‘सायक्लोन’ हा शब्द कोलकात्यातल्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ च्या सुमारास सापाच्या वेटोळ्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून घडवला. आपल्या ‘चक्री’त तेच फिरणं आलं आहे. फक्त टोर्नेडोला चक्रीवादळ लिहू नका. तो पसाऱ्याने फार लहान आणि तासाभराच्या आतबाहेरचा मामला असतो. हे मात्र शेकडो किलोमीटर पसरलेलं आणि कित्येक दिवस चालणारं.

प्रतिसाद २ :

मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर होतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मराठीत तयारच आहे. वाऱ्याचा ‘वेग’ आणि वादळाची ‘चाल’. ‘चाल’ म्हटलं की पुढे सरकणंच डोळ्यांसमोर येतं, त्यात वाऱ्याचा घोटाळा होत नाही. ‘वाऱ्याचा वेग ताशी २४०, वादळाची चाल ताशी १६ किलोमीटर’ एवढं लिहिलं असतं तर त्या गृहस्थांच्या पोटात गोळा आला नसता.

आणि चाल मंद म्हणजे धोका कमी, असंही कुणी समजू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन हे हरिकेन बहामाजमधल्या ग्रेट अबाको बेटावर आलं तेव्हा वारा ताशी २९५ किलोमीटर होता. तिथून ते ग्रँड बहामावर गेलं आणि त्याची चाल जवळजवळ थांबलीच. काही तास तर ते जागचं हललं नाही. एक दिवसाहून जास्त वेळ एकाच बेटावर तोच वारा, तेच पाणी. २०१७ मध्ये हार्वी टेक्सासवर असंच रेंगाळलं आणि नेदरलँड या गावी साठ इंचांहून जास्त पाऊस पडला. याच्या अगदी उलट १९३८ चं न्यू इंग्लंडचं हरिकेन. त्याची चाल ताशी ७५ किलोमीटरच्या आसपास होती, लोकांना सावरायला उसंतच मिळाली नाही. म्हणजे वेग आणि चाल या दोन वेगळ्या बातम्या आहेत. दोन्ही द्यायला हव्यात.

आणखी एक. ‘रॅपिड इंटेन्सिफिकेशन’ला ‘वेगाने तीव्रता वाढणं’ लिहितात आणि तिथे ‘वेग’ तिसऱ्याच अर्थाने डोकावतो. ‘झपाट्याने जोर धरणं’ म्हणा. चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटरने किंवा त्याहून जास्त वाढला तर हवामानतज्ज्ञ हा शब्द वापरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस आदल्या दिवशी साधं उष्णकटिबंधीय वादळ होतं, आणि मेक्सिकोतल्या अकापुल्कोला पोहोचलं ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं हरिकेन होऊन. ‘एका रात्रीत जोर धरला’ हे तिथे शब्दशः खरं होतं.

प्रतिसाद ३ :

‘धडकणं’ मथळ्याला शोभतं. पण लँडफॉलची व्याख्या अगदी बारीक आहे : वादळाचं केंद्र किनारारेषेवर येणं, एवढंच. सगळ्यात जोराचा वारा केंद्रात नसतो, डोळ्याभोवतीच्या, म्हणजे मधल्या शांत भागाभोवतीच्या ढगांच्या भिंतीत असतो. ‘वादळ रात्री दहाला धडकणार’ असं वाचलं की माणूस समजतो, दहापर्यंत सवड आहे. प्रत्यक्षात दुपारपासूनच झाडं पडायला लागतात, पूल बंद होतात. कधी केंद्र किनाऱ्याला न शिवता बाजूने निघून जातं, तरी किनारा उद्ध्वस्त होतो. त्या वादळाचा ‘लँडफॉल’ झालाच नाही, असं नोंदीत राहतं.

‘भूस्पर्श’ असा शब्द काही जण सुचवतात. मला तो अजिबात पटत नाही. स्पर्श म्हटलं की हळुवार काहीतरी वाटतं. ‘वादळाचं केंद्र रात्री दहाच्या सुमारास किनारा ओलांडेल, जोराचे वारे मात्र दुपारपासूनच सुरू होतील’ असं लिहावं. दोन शब्द वाढतात, वाढू द्या.

प्रतिसाद ४ :

वॉच आणि वॉर्निंग : पहिल्याला ‘पूर्वइशारा’, दुसऱ्याला ‘इशारा’. वॉच म्हणजे हरिकेनची परिस्थिती येऊ शकते, वॉर्निंग म्हणजे ती येईल अशी अपेक्षा आहे. वादळी वारे पोहोचण्याच्या साधारण ४८ तास आधी वॉच देतात, ३६ तास आधी वॉर्निंग. हे तास हरिकेनचा पूर्ण जोर येण्याआधीचे नाहीत, ६२ किलोमीटरचे वारे सुरू होण्याआधीचे आहेत. कारण एकदा ते सुरू झाले की खिडक्यांना फळ्या ठोकणंही धोक्याचं होतं.

व्याख्येतल्या एका शब्दामुळे काय होऊ शकतं ते सँडी हरिकेनच्या वेळी दिसलं. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी न्यू जर्सीत ब्रिगँटाइनजवळ किनाऱ्यावर आलं, पण त्याच्या थोडं आधी त्याची रचना बदलली आणि शास्त्रीय वर्गवारीत ते हरिकेन उरलं नाही. असं होणार हा अंदाज आधीच असल्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याला हरिकेनचा इशारा दिलाच गेला नव्हता, दुसऱ्या प्रकारचे इशारे दिले होते. वारा तोच, पाणी तेच, फक्त नाव बदललं. पुढे २०१३ मध्ये नियम बदलून, वादळाचा प्रकार बदलला तरी हरिकेनचा इशारा चालू ठेवायची मुभा देण्यात आली. शब्द किती जपून वापरावा लागतो याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

प्रश्नकर्ती :

‘चाल’ आणि ‘पूर्वइशारा’ आजपासून घेतले. मनापासून आभार. पण ‘सर्ज’चं काय? ‘लाट’ नको, तर ‘उधाण’ कसं वाटतं?

प्रतिसाद ५ :

‘लाट’ नको हे अगदी खरं. लाट येते, फुटते, परत जाते. सर्जमध्ये वारा तासन्‌तास पाणी किनाऱ्याकडे ढकलत राहतो आणि समुद्राची पातळीच वर चढते. लाटा त्या चढलेल्या पाण्यावर वेगळ्या उसळतात. ‘लाट’ वाचलेला माणूस दार लावून ती ओसरायची वाट बघेल, आणि पाणी मात्र उंबऱ्यावरून, मग खिडकीतून आत येत राहील.

पण ‘उधाण’ आधीच कामावर आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला आपण उधाण म्हणतो आणि अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला भांग. उधाण तिथीवरून आधी सांगता येतं. सर्जला तिथी नसते. दोघांना एकच शब्द दिला तर जिथे ते दोन्ही एकत्र येतात तिथे आपण काय लिहिणार?

प्रतिसाद ६ :

पाटबंधारे खात्यात नोकरी केलेल्या माणसाचा एक शब्द पुढे ठेवतो : ‘फुगवटा’. धरणात पाणी अडलं की मागे नदीची पातळी चढत जाते, त्याला आपण फुगवटा म्हणतो. गावोगावच्या लोकांना हा शब्द माहीत आहे. त्यात लाट नाही, पाण्याचं मुकाट्याने चढणं आणि पसरणं आहे. सर्जमध्ये तेच होतं, फक्त अडवणाऱ्या भिंतीच्या जागी ढकलणारा वारा असतो. म्हणून ‘वादळी फुगवटा’.

प्रतिसाद ५ :

हा शब्द मला फारच आवडला! आणि याने उधाणाचा गुंताही सुटतो. वर सँडीचा उल्लेख आलाच आहे. त्या रात्री पौर्णिमा होती. न्यूयॉर्कच्या बॅटरी या ठिकाणी भरतीच्या वेळेच्या आसपासच पाणी १४ फुटांवर पोहोचलं. त्यात वादळाने चढवलेलं पाणी होतं सुमारे ९ फूट, बाकीची भरती. इंग्रजीत नुसत्या वादळाच्या वाट्याला ‘सर्ज’ म्हणतात आणि दोन्ही मिळून होणाऱ्या पातळीला ‘स्टॉर्म टाइड’. आता मराठीत सरळ लिहिता येईल : ‘फुगवटा ऐन उधाणावर आला.’

प्रतिसाद २ :

फुगवट्याला माझंही मत. त्याच्या उलट होतं तेव्हा ‘ओहोटी’ लिहू नका, एवढं जोडतो. २८ सप्टेंबर २०२२ ला इयन फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आलं. उत्तर गोलार्धात ही वादळं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे केंद्राच्या उत्तरेला, टॅम्पाच्या उपसागरात, वारा जमिनीकडून समुद्राकडे होता. त्याने पाणी बाहेर ढकललं, उपसागराचा तळ उघडा पडला आणि लोक तिथे चालत गेले. त्याच दिवशी केंद्राच्या दक्षिणेला फोर्ट मायर्स बीचवर वारा समुद्राकडून येत होता आणि पाणी घरांमध्ये शिरत होतं. ओहोटी म्हटलं की सहा तासांचा हिशेब मनात येतो. वाऱ्याने हटवलेलं पाणी वारा फिरला की परत येतं, ते भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघत नाही. ‘वाऱ्याने पाणी हटवलं’ एवढंच लिहा.

प्रतिसाद ३ :

‘श्रेणी’बद्दलही सांगायला हवं. सॅफिर-सिम्प्सन मापनातल्या एक ते पाच श्रेणी फक्त वाऱ्यावरून ठरतात. फुगवट्याचे आकडे त्यातून २०१० मध्ये काढून टाकले, कारण दोन्हींचा मेळ बसत नव्हता. २००८ मध्ये आइक दुसऱ्या श्रेणीचं होतं, तरी टेक्सासच्या बोलिव्हर द्वीपकल्पावर पाणी १५ ते २० फूट चढलं. कतरिना २००५ मध्ये लुइझियानाला आलं ते तिसऱ्या श्रेणीचं, आणि शेजारच्या मिसिसिपीत पास क्रिश्चनला फुगवटा जवळजवळ २८ फूट. १९६९ चं पाचव्या श्रेणीचं कमील सोसलेली मंडळी तिथे होती. त्या वेळी घरात पाणी आलं नाही, मग यावेळी कशाला जायचं, असं म्हणून काही जण थांबले. ‘फक्त दुसऱ्या श्रेणीचं’ यातला ‘फक्त’ कृपा करून कधीच लिहू नका. ‘वाऱ्याची श्रेणी’ असं पूर्ण लिहा.

आणि नकाशावरच्या पांढऱ्या शंकूला ‘वादळाचा आकार’ म्हणू नका. पुढच्या पाच दिवसांत केंद्र कुठे असू शकेल याचा तो अंदाज आहे. मागच्या पाच वर्षांच्या अंदाजांत जेवढ्या चुका झाल्या, त्यांतल्या दोनतृतीयांश मावतील एवढी त्याची रुंदी ठेवतात. म्हणजे तीनातून एकदा केंद्र बाहेरही जातं. ‘संभाव्य मार्गाचा शंकू’ म्हणता येईल. मधली रेघ तर आणखी फसवी. १३ ऑगस्ट २००४ ला चार्लीची रेघ टॅम्पाकडे जात होती. वादळ आधीच वळलं आणि शंभराहून अधिक किलोमीटर दक्षिणेला पुंटा गोर्डावर गेलं. ते गाव शंकूत होतं, तिथे इशाराही लागू होता. पण पुष्कळांचे डोळे रेघेवर खिळले होते.

प्रश्नकर्ती :

सगळं वहीत उतरवलं. आता नमुन्याचा मजकूर करून बघितला आहे, तपासून द्याल का?

‘हरिकेनचं केंद्र सध्या किनाऱ्यापासून ६०० किलोमीटरवर आहे. वाऱ्याचा वेग ताशी २४० किलोमीटर, वादळाची चाल ताशी १६ किलोमीटर. केंद्र परवा सकाळी किनारा ओलांडेल, जोराचे वारे उद्या संध्याकाळपासूनच सुरू होतील. वादळी फुगवट्यामुळे पाणी १० ते १५ फूट चढू शकतं. संभाव्य मार्गाच्या शंकूबाहेरच्या किनाऱ्यालाही धोका आहे.’

प्रतिसाद ६ :

छान. एकच जागा. १० ते १५ फूट कुठून मोजलेले? समुद्रसपाटीपासून की जमिनीपासून? ज्याचं घर समुद्रसपाटीपासून आठ फुटांवर आहे, तो आपले आठ वजा करून बसेल आणि म्हणेल, माझ्याकडे दोनच फूट येणार.

प्रश्नकर्ती :

पत्रक पुन्हा उघडून बघितलं. तिथे स्पष्ट लिहिलंय, जमिनीपासून. वाक्य बदललं : ‘वादळी फुगवट्यामुळे किनाऱ्यालगतच्या भागात पाणी जमिनीपासून १० ते १५ फूट चढू शकतं.’